शरीराने किडनी आपली मानली का, हे ओळखायचं कसं?

वाचकांचे प्रश्न : अवयव प्रत्यारोपणानंतरच्या तपासण्या

मागच्या अंकात अवयवदानावर लेख आला आणि तेव्हापासून पेणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं येत आहेत. दान कसं करायचं असं विचारणारी थोडी. जास्त पत्रं आहेत ती ज्यांच्या पोटात दुसऱ्याचा अवयव आधीच काम करतो आहे त्यांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. मूत्रपिंडाचे डॉक्टर आणि ऊतीजुळणीच्या (दाता रुग्णाला कितपत जुळतो हे पाहणाऱ्या) प्रयोगशाळेत काम करणारे तज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. औषधाच्या मात्रेतला कुठलाही बदल मात्र आपल्या प्रत्यारोपण केंद्राला विचारूनच करायचा.

प्रश्न : आईने दिलेली किडनी बसवून मला नऊ वर्षं झाली. क्रिएटिनिन १.१ आहे, एकदाही त्रास झाला नाही. एवढ्या वर्षांत शरीराला सवय झाली असेल तर गोळ्या बंद का करायच्या नाहीत? सवय झाली की नाही हे सांगणारी तपासणी आहे का? (देवगड)

उत्तर : शरीर शांत आहे याची दोन कारणं असू शकतात. एक, त्याने किडनी खरोखर आपली मानली आहे. दोन, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी त्याचे हात बांधून ठेवले आहेत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि क्रिएटिनिनला, म्हणजे किडनी रक्त किती नीट गाळते हे दाखवणाऱ्या आकड्याला, यातला फरक कळत नाही. आईकडून तुम्हाला एचएलए जनुकांचा (पेशींवरची ‘आपलं-परकं’ सांगणारी ओळखपट्टी ठरवणाऱ्या जनुकांचा) निम्मा संच मिळालेला आहे. आईचा उरलेला निम्मा संच तुमच्या पेशींना नऊ वर्षांपूर्वी परका होता आणि आजही परकाच आहे.

औषधं पूर्ण थांबवून किमान एक वर्ष अवयव नीट चालला, तर त्याला प्रत्यक्षातली सहिष्णुता म्हणतात. यकृताच्या बाबतीत निवडक रुग्णांत ती दिसते. किडनीच्या बाबतीत ती फारच विरळ आहे, आणि जे सापडले त्यातले बरेच जण स्वतःच्या मनाने गोळ्या सोडून दिलेले आणि दैवाने तरलेले होते. अमेरिका आणि युरोपातल्या दोन संशोधक गटांनी २०१० मध्ये अशा रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांच्यात बी पेशींशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींशी) संबंधित जनुकं जास्त सक्रिय दिसली. तेव्हा वाटलं, ओळखीची खूण मिळाली. पुढे लक्षात आलं की अझाथायोप्रिन, स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसच्या वर्गातली ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं स्वतःच बी पेशी बदलतात. म्हणजे त्या खुणेत सहिष्णुतेचा भाग किती आणि ‘हा माणूस औषध घेत नाही’ एवढाच भाग किती, हे वेगळं काढणं अवघड झालं. आज किडनीच्या रुग्णाला एका रक्ततपासणीवरून ‘आता गोळ्या सोडा’ असं कोणी सांगू शकत नाही.

गोळ्या सोडल्यावर काय होतं तेही स्पष्ट सांगायला हवं. काहींना काही आठवड्यांत टी पेशींचं (परक्या पेशींवर थेट हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) रिजेक्शन येतं, म्हणजे त्या अवयव नाकारतात. ते लवकर कळलं तर स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बहुतेक वेळा आवरता येतं. दुसरा मार्ग गुपचूप चालतो. महिनोन्‌महिने काही जाणवत नाही आणि दात्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होत राहतात. त्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. क्रिएटिनिन चढतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं आणि त्यावर हमखास उपाय नाही. शिवाय पुढे दुसरी किडनी लागली तर त्याच अँटिबॉडींमुळे जुळणारा दाता मिळणं कठीण होतं.

आणखी एक गोष्ट. ‘नॉर्मल रेंजमध्ये आहे’ यावर विसंबू नका. तुमचं नेहमीचं क्रिएटिनिन १.० असेल आणि ते १.३ झालं, तर प्रयोगशाळा त्याला लाल खूण करणार नाही, पण ती ३० टक्के वाढ आहे. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्के वाढ झाली की दोन-तीन दिवसांत तपासणी पुन्हा करून केंद्राला कळवायचं. त्याआधी पाणी कमी पडलं का, सेप्ट्रानसारखी अँटिबायोटिक गोळी सुरू झाली का, आदल्या रात्री मटणाचं मोठं जेवण झालं का, हे आठवून तेही सांगा. या तिन्हींनी आकडा थोडा वर जातो.

प्रश्न : गर्भातलं बाळ निम्मं वडिलांचं असतं, तरी आईचं शरीर त्याला नाकारत नाही. मग दिलेली किडनीच का नाकारतं? मी बारावीला आहे. (दापोली)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. १९४५ मध्ये रे ओवेन यांना जुळ्या वासरांमध्ये एक गंमत दिसली. गर्भात दोघांची वार रक्तवाहिन्यांनी जोडलेली असेल, तर प्रत्येक वासराच्या अंगात जन्मभर दोघांच्याही रक्तपेशी राहतात आणि एकमेकांना नाकारत नाहीत. पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हेच उंदरांत करून दाखवलं. उंदराच्या गर्भाला दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. तो मोठा झाल्यावर त्याने त्याच जातीच्या उंदराची त्वचा स्वीकारली, तिसऱ्या जातीची मात्र फेकून दिली. ‘आपलं कोण’ हे प्रतिकारशक्ती शिकते आणि ते शिकण्याचं एक वय असतं, हे यातून कळलं. मोठेपणी बसवलेल्या किडनीच्या वेळी ते वय उलटून गेलेलं असतं. मेडावार आणि बर्नेट यांना १९६० चं नोबेल मिळालं. मोठेपणीही आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात. गर्भारपणात त्यांचं काम मोठं असतं. त्या शोधासाठी ब्रुन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल देण्यात आलं.

ओवेन यांच्या वासरांची युक्ती माणसात वापरायचे प्रयत्न झाले आहेत. बोस्टनमध्ये दात्याची किडनी आणि अस्थिमज्जा एकत्र दिलेल्या पाच रुग्णांचा अहवाल २००८ मध्ये आला. त्यातल्या चौघांची औषधं बंद करता आली. आपल्याकडे अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या मूळपेशी देऊन सहिष्णुता आणण्यावर बरीच वर्षं काम केलं. अशा रुग्णांमध्ये रक्तातल्या किती पेशी दात्याच्या आहेत हे डीएनएच्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांवरून मोजतात. गुन्ह्याच्या तपासात माणूस ओळखायला वापरतात तीच पद्धत. मात्र अस्थिमज्जा देण्यापूर्वी जी जड औषधं द्यावी लागतात त्यांचा धोका मोठा, म्हणून ही अजून रोजची उपचारपद्धती झालेली नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांची टॅक्रोलिमसची लेव्हल एकदा १४.८ आली, पुढच्या वेळी ५.१. डोस तोच. ते गोळी सकाळी आठला घेतात. आमच्याकडची लॅब नऊला उघडते आणि गावातून एसटीने पोचेपर्यंत दहा वाजतात. चूक कुणाची? (गुहागर)

उत्तर : चूक वेळेची आहे. मोजायची असते ती औषधाची तळातली पातळी, म्हणजे आदल्या रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी आणि सकाळचा डोस घेण्यापूर्वी. कॅप्सूल घेतल्यावर एक ते तीन तासांत रक्तातली पातळी शिखरावर जाते. आठला गोळी घेऊन दहाला रक्त दिलं तर १४.८ हा शिखराचा आकडा आहे. तो पाहून कोणी डोस कमी केला असता, तर तळातली पातळी धोक्याइतकी खाली गेली असती. रिजेक्शन असंही येतं.

डॉक्टरांना विचारून डोसची वेळच सकाळी दहा आणि रात्री दहा अशी करून घ्या. तपासणीच्या दिवशी सकाळची कॅप्सूल खिशात ठेवायची, रक्त द्यायचं आणि तिथेच पाणी पिऊन घ्यायची. चुकून आधी घेतली गेली तर त्या दिवशी नमुना देऊ नका, दुसऱ्या दिवशी या. दिवसातून एकदाच घ्यायच्या लांबवणाऱ्या कॅप्सूलसाठी हे अंतर २४ तासांचं असतं. एकदावाली आणि दोनदावाली या गोळ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, मिलिग्रॅम सारखे असले तरी. औषधाच्या दुकानात ही अदलाबदल होते, म्हणून पाकिटावरचं पूर्ण नाव दर वेळी वाचा.

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, दोन-तीन मिलिलिटर पूर्ण रक्ताचा असावा लागतो. घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी होते. हे औषध तांबड्या पेशींत शिरून बसतं. सीरम वेगळं काढून पाठवलं तर औषध खालच्या पेशींच्या थरातच राहतं आणि आकडा खोटा येतो. याच कारणाने हिमोग्लोबिन बरंच उतरलं असेल तर लेव्हलही कमी दिसते. डॉक्टरांना दोन्ही आकडे एकत्र दाखवा. पूर्ण रक्तातलं औषध फ्रीजच्या तापमानाला काही दिवस टिकतं, तेव्हा रत्नागिरीहून मुंबईला नमुना गेला म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते नळीवर वेळ न लिहिल्यामुळे. शेवटचा डोस किती वाजता घेतला आणि रक्त किती वाजता काढलं, हे दोन्ही फॉर्मवर लिहायला लावा.

प्रयोगशाळा बदलू नका. अँटिबॉडीवर चालणाऱ्या यंत्रांचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा (रेणूच्या वजनावरून औषध मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा) साधारणपणे थोडा वर येतो, कारण औषधाचे मोडतोड झालेले तुकडेही त्यात मोजले जातात. इथे आज ८ आणि तिथे उद्या ७ आलं, तर ती घट औषधाची असेलच असं नाही.

लक्ष्य केंद्रागणिक बदलतं. ढोबळमानाने पहिल्या तीन महिन्यांत ८ ते १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि वर्षानंतर ५ ते ८. आमच्या मते एका आकड्यापेक्षा आकड्यांची उडी जास्त बोलते. समजा एकाचे पाच आकडे ६.२, ७.०, ५.८, ९.५, ६.५ आहेत आणि दुसऱ्याचे ४, ११, ५, ९.५, ५.५. दोघांची सरासरी ७ येते. पहिल्याचा चढउतार सरासरीच्या सुमारे २१ टक्के आहे, दुसऱ्याचा ४४ टक्के. (प्रमाण विचलन भागिले सरासरी गुणिले शंभर. घरातलं कॉलेजला जाणारं कोणीही काढून देईल.) साधारण ३० टक्क्यांच्या वर चढउतार असलेल्या रुग्णांत अँटिबॉडी आणि रिजेक्शन जास्त दिसतं. मधे डोस बदललेला असेल तर प्रत्येक आकड्याला त्या वेळच्या रोजच्या मिलिग्रॅमने भागून मग हिशोब करा. डोस किंवा ब्रँड बदलला की लगेच दुसऱ्या दिवशी तपासू नये. रक्तातली पातळी स्थिरावायला किमान दोन-तीन दिवस लागतात. ब्रँड बदलला असेल तर आठवड्याभरात लेव्हल करा.

प्रश्न : चतुर्थीला आमच्याकडे पपनस फोडतात. जाऊबाई म्हणतात किडनीवाल्यांनी खायचं नाही. एवढ्याशा फळाने काय होतं? सोलकढी, शहाळं, हळदीचं दूध, गुळवेलीचा काढा यांचंही सांगा. (मालवण)

उत्तर : जाऊबाईंचं बरोबर आहे. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ. टॅक्रोलिमसच्या पाकिटावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलेलं असतं, पण पपनसाचं नाव नसतं, म्हणून कोकणात हे निसटतं. या फळांतली फ्युरानोकुमारीन नावाची द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एन्झाइम कायमचं बंद पाडतात. नवीन एन्झाइम तयार व्हायला एक ते तीन दिवस जातात, तेवढे दिवस औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. म्हणून ‘गोळी सकाळी, पपनस संध्याकाळी’ हा तोडगा चालत नाही. पपनसामुळे टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. मोसंबी, साधं संत्रं, जेवणातलं लिंबू चालतं.

सोलकढी आणि आमसुलाचं सार घरच्या जेवणापुरतं घ्यायला हरकत नाही. वजन कमी करायला विकतात त्या गार्सिनियाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र नकोत. त्यांनी यकृताला इजा झालेली आहे. टॅक्रोलिमसने रक्तातलं पोटॅशियम चढतं, म्हणून शेवटच्या तपासणीत ते ५ च्या आत असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच शहाळं. हापूसचा प्रश्न पोटॅशियमबरोबर साखरेचाही आहे, कारण याच औषधाने नव्याने मधुमेह होऊ शकतो. भाजीतली हळद चालेल, कर्क्युमिनच्या गोळ्या नकोत. गुळवेल नको. प्रतिकारशक्ती वाढवते म्हणूनच लोक ती घेतात आणि इथे तेच तर नको आहे. शिवाय गुळवेलीने यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

कालवं आणि तिसऱ्या नीट शिजवूनच खायच्या. शिंप उघडली म्हणजे शिजली असं नाही, उघडल्यावरही आणखी काही मिनिटं उकळी हवी.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत काखेत नायटा उठला. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दहा दिवसांत हात थरथरायला लागले आणि क्रिएटिनिन १.८ वर गेलं. किडनी नाकारली का? (चिपळूण)

उत्तर : बहुधा नाही, पण हे आजच तपासायला हवं. त्या गोळ्या फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलच्या असतील तर त्यांनी टॅक्रोलिमसची पातळी दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. हात थरथरणं ही त्याचीच खूण, आणि औषध जास्त झालं तर ते किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. क्रिएटिनिन दोन्ही कारणांनी चढतं. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची आणि विषार झाला असेल तर डोस कमी करायचा, म्हणजे उपाय अगदी उलटे. नीट वेळ पाळून घेतलेली लेव्हल हाच पहिला फाटा.

बुरशीची गोळी अचानक थांबवून गप्प बसू नका. ती थांबली की काही दिवसांत टॅक्रोलिमस खाली घसरतं. दरम्यान कोणी डोस कमी केलेला असेल तर पातळी फारच उतरते आणि मग खरोखरचं रिजेक्शन येतं. म्हणून गोळी सुरू करताना एकदा आणि बंद केल्यावर आठवड्याभरात पुन्हा एकदा लेव्हल हवी. नायट्याला आधी मलम लावून पाहावं. पोटातून गोळी लागलीच तर टर्बिनाफिनचा टॅक्रोलिमसशी असा संघर्ष नाही. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन आणि इरिथ्रोमायसिन टाळायचं, रक्तदाबासाठी डिल्टियाझेम दिलं तर कळवायचं. उलट दिशेने फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि क्षयाचं रिफाम्पिसिन पातळी खाली खेचतात. रिफाम्पिसिन तर इतकं, की क्षयाचे उपचार प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय सुरूच करू नयेत. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. पॅरासिटामॉल चालतं.

पावसाळ्यातला दुसरा धोका जुलाबाचा. जुलाबात औषध कमी शोषलं जाईल असं कोणालाही वाटेल, पण टॅक्रोलिमसचं उलटं होतं. आतड्याच्या आवरणातली औषध अडवणारी यंत्रणा सुजेने बंद पडते आणि पातळी चढते. त्यातच अंगातलं पाणी कमी झाल्याने क्रिएटिनिन वाढतं. दिवसात चारपेक्षा जास्त जुलाब झाले की लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि शौचाची तपासणी एकदमच करा. विहिरीचं पाणी खळखळून उकळून प्या.

लावणीच्या चिखलात उतरूच नका. लेप्टोस्पायरोसिस किडनीलाच धरतो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर तो साधा ताप समजायचा नाही.

निसर्ग वादळाने २०२० मध्ये आणि चिपळूण-महाडच्या पुराने २०२१ मध्ये रस्ते बंद झाले होते, हे तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर घरात किमान १५ दिवसांची जादा औषधं ठेवा, मूळ पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर. दमट हवेत उघड्या कॅप्सूल मऊ पडतात, तेव्हा गोळ्यांच्या डबीत आठवड्यापुरत्याच काढून ठेवायच्या.

प्रश्न : डॉक्टरांनी डीएसए आणि दात्याचा डीएनए अशा दोन महागड्या तपासण्या लिहिल्या आहेत. दोन्ही लागतात का? रिपोर्ट कसा वाचायचा? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. दात्याविरुद्ध हत्यार तयार झालं आहे का, हे डीएसए सांगते. किडनीला आत्ता जखम होते आहे का, हे दात्याचा डीएनए सांगतो.

डीएसए म्हणजे दात्याच्या एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडी. सूक्ष्म मण्यांवर एकेक एचएलए बसवलेला असतो. तुमचं सीरम त्यांवर सोडतात आणि कोणता मणी किती चमकला हे मोजतात. त्या चमकेचा आकडा म्हणजे एमएफआय. तो मात्रा नसून चमक असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. आकडा हजाराच्या आसपास असेल तर तो खरा आहे का हे पुन्हा पाहावं लागतं. कधी उलटही होतं. अँटिबॉडी फारच जास्त असतील तर मण्यावर पूरक प्रथिनांची (अँटिबॉडीला जाऊन चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची) गर्दी होते आणि चमक कमी दिसते. सीरम पातळ करून किंवा ईडीटीए घालून पुन्हा तपासलं की खरा आकडा बाहेर येतो. जोखमीच्या रुग्णाचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला तर हे केलं होतं का, एवढं जरूर विचारा. नुकतंच इम्युनोग्लोब्युलिन, एटीजी किंवा रिटुक्सिमॅब (ही सगळी अँटिबॉडीपासून बनलेली इंजेक्शनं) दिलं असेल तर फॉर्मवर लिहा, त्यांनी निकाल बिघडतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो जुन्या कागदांमुळे. नव्याने तयार होणाऱ्या अँटिबॉडी सर्वांत जास्त एचएलए-डीक्यू या प्रकाराविरुद्ध असतात आणि जुन्या ऊतीजुळणीत अनेकदा फक्त ए, बी आणि डीआर हे प्रकार तपासलेले असतात. मग मणी चमकतो, पण तो दात्याचा की नाही हे ठरवता येत नाही. दात्याचा एचएलए रिपोर्ट आत्ताच शोधून त्याच्या दोन प्रती ठेवा. डीक्यू नसेल आणि दाता घरचाच असेल तर त्याचं थोडं रक्त देऊन ते करून घेता येतं. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत प्रयोगशाळेकडे डीएनए जपून ठेवला आहे का, हे केंद्रामार्फत विचारा. घरातल्या बाईला तिच्या नवऱ्याची किडनी मिळाली असेल तर ही तपासणी अधिक महत्त्वाची, कारण बाळंतपणांत तिच्या शरीराची नवऱ्याच्या एचएलएशी ओळख झालेली असते. रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी होतात, म्हणून प्रत्यारोपण झालेल्याला नाइलाज असेल तेव्हाच रक्त द्यावं.

दुसरी तपासणी अशी. किडनीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि तासा-दोन तासांत निम्मे नाहीसे होतात. रक्तातल्या अशा मोकळ्या डीएनएपैकी दात्याचा किती टक्के, हे मोजतात. स्थिर किडनीत तो बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतो. १ टक्क्याच्या वर गेला तर रिजेक्शनचा संशय घेतात. तुमचाच मागचा आकडा ०.३ असेल आणि आता ०.६ झाला, तर तो एकच्या आत असला तरी दुप्पट आहे. साधारण ६० टक्क्यांहून मोठी वाढ ही नेहमीच्या चढउतारापलीकडची मानतात. ही तपासणी अँटिबॉडीचं रिजेक्शन चांगलं पकडते, टी पेशींचं सौम्य रिजेक्शन तिच्यातून सुटू शकतं.

नमुना साध्या नळीत पाठवला की पैसे वाया. वाटेत तुमच्याच पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि दात्याची टक्केवारी खोटी कमी दिसते. पेशी टिकवणाऱ्या द्रावणाची खास नळी किटमध्ये येते. ती खुणेपर्यंत पूर्ण भरायची, आठ-दहा वेळा उलटायची आणि बर्फात ठेवायची नाही. मेमध्ये दुपारच्या गाडीत, टपावर नको. मोठा जंतुसंसर्ग चालू असताना स्वतःचा डीएनए वाढून टक्केवारी उतरते. बायोप्सीनंतर किमान दिवसभर आकडा उगाच वर राहतो. दाता एकसारखा जुळा भाऊ असेल तर ही तपासणी होऊच शकत नाही.

दोन्ही परवडत नसतील तर? आमचं मत : आधी लेव्हल, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन काटेकोर ठेवा. डीएसए पहिल्या वर्षात एकदा, आणि डोस चुकले, औषध कमी केलं किंवा क्रिएटिनिन वाढलं तर पुन्हा. दात्याचा डीएनए ज्यांची बायोप्सी करावी की नाही याचा निर्णय अडला आहे त्यांनी.

प्रश्न : शहरातली लॅब ‘इम्युनिटी पॅकेज’ देते. ते केलं तर चालेल का? (सावंतवाडी)

उत्तर : नको. पांढऱ्या पेशी आणि इम्युनोग्लोब्युलिन किती, हे त्यातून कळेल. त्या दात्याच्या अवयवावर रोख धरून आहेत की नाही, हे कळणार नाही. पेशींतल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्यावरून प्रतिकारशक्ती मोजणारी एक तपासणी २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण तिच्यावरून रिजेक्शनचं भाकीत नीट जमलं नाही. सध्या जास्त आशा आहे ती टॉर्क टेनो नावाच्या निरुपद्रवी विषाणूची. तो बहुतेकांच्या रक्तात असतो. प्रतिकारशक्ती जास्त दाबली की त्याची संख्या वाढते, कमी दाबली की घटते. तोही एकूण दाब मोजतो, सहिष्णुता नाही.

प्रश्न : वडिलांच्या यकृत प्रत्यारोपणाला आठ वर्षं झाली. डॉक्टर औषध हळूहळू कमी करून पाहू म्हणतात. वर किडनीबद्दल जे लिहाल तेच इथे लागू का? (महाड)

उत्तर : नाही, यकृताची गोष्ट वेगळी. युरोपातल्या एका अभ्यासात ९८ प्रौढ रुग्णांची औषधं ठरवून कमी केली, त्यातल्या ४१ जणांना ती पूर्ण सोडता आली. प्रत्यारोपणाला जितकी जास्त वर्षं झालेली तितकी शक्यता जास्त होती. बाकीच्यांना रिजेक्शन आलं, बहुतेक सौम्य, औषध वाढवून आवरलेलं. तेव्हा डॉक्टरांचा विचार वावगा नाही, फक्त तो शिस्तीत व्हायला हवा. सुरुवातीला बायोप्सी करून आतमध्ये दबलेली सूज नाही ना हे पाहायचं आणि डीएसए करायची. मग अनेक महिन्यांत, टप्प्याटप्प्याने औषध उतरवायचं. प्रत्येक टप्प्यानंतर एएलटी आणि जीजीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं) दर एक-दोन आठवड्यांनी. हे आकडे वाढू लागले की पुढची घट थांबवून केंद्राशी त्याच दिवशी बोलायचं. महाडहून दर पंधरवड्याला रक्त देणं पावसाळ्यातही जमेल का, हे आधी ठरवा. जमणार नसेल तर सुरुवात दिवाळीनंतर करा. आधी आपल्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने यकृत बिघडलं म्हणून प्रत्यारोपण झालं असेल तर हा प्रयोग बहुधा करत नाहीत.

प्रश्न : प्रत्यारोपणाला दोन महिने झाले. रक्ततपासणी किती वेळा? (पेण)

उत्तर : क्रिएटिनिन आता आठवड्याला एकदा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पंधरा दिवसांनी, पुढे वर्ष होईपर्यंत महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी. बीके विषाणूची तपासणी पहिले तीन ते सहा महिने दर महिन्याला, मग वर्षअखेरपर्यंत तिमाहीने. हा विषाणू औषध जास्त झाल्याची खूण आहे आणि त्यानेही क्रिएटिनिन चढतं.

प्रश्न : क्रिएटिनिन चांगलं असूनही बायोप्सी सांगितली आहे. भीती वाटते. (श्रीवर्धन)

उत्तर : रक्तात अजून न दिसलेली सूज फक्त तुकडाच दाखवतो, म्हणून काही केंद्रं ठरावीक महिन्यांनी बायोप्सी करतात. बसवलेली किडनी जांघेच्या वर, कातडीजवळ असते. सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून १६ किंवा १८ गेजच्या सुईने दोन बारीक तुकडे घेतात. निदान पक्कं व्हायला त्यात किमान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ) आणि २ रोहिण्या याव्या लागतात. त्या आल्या नाहीत तर रिपोर्ट अपुरा ठरतो. तो ‘नॉर्मल’ समजायचा नसतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायची हे विचारा. रक्तदाब आटोक्यात हवा. नंतर काही तास आडवं राहायचं. पहिल्या लघव्या पारदर्शक बाटलीत धरून रंग पाहायचा. फिकट गुलाबी असेल तर बहुतेक वेळा ती आपोआप स्वच्छ होते. गडद लाल असेल, गुठळ्या दिसल्या किंवा लघवी अडली तर नर्सला लगेच बोलवा. घरी परत येताना महामार्गावरच्या खड्ड्यांचे धक्के नकोत, म्हणून ती रात्र केंद्राजवळच काढा आणि पुढचे दोन आठवडे जड हंडा-कळशी उचलू नका.